इतिवृत्त

पोर्तुगालच्या डोंगरात फेब्रुवारी.
गावच्या सामायिक रानाची सभा
बंद पडलेल्या शाळेत.
देओलिंदाबाई फळ्यावर नकाशा टांगतात:
उतार, वारा, वाळल्या काडीतल्या ओलाव्याचे आकडे.
मी लिहून घेते.

मागच्या बाकावर शेळ्या राखणारा अदेलीनु
खिशातून काटेरी झुडपाची काडी काढतो,
कानाशी नेऊन मोडतो.
"कट्‌ वाजली नाही. दोन दिवस थांबा."
बाई यंत्र बघतात. यंत्रही तेच म्हणतं.
कोणी हसत नाही.
असंच रान पेटवलं म्हणून त्याच्या बापाला
बाईंच्याच खात्यानं दंड केला होता;
पावती माझ्या दप्तरात आहे.

तिसऱ्या दिवशी काडी वाजली.
माथ्यावरून खाली, वाऱ्याच्या तोंडावर
लावली आग: घोट्याएवढी,
चरत चरत उतरणारी.
त्या ऑगस्टात जिचं घर गेलं
ती इझाउरा कुंपणाशी,
हातात पाण्याचा पाइप, नळ सोडलेला.
पाणी नुसतंच वाहतंय पायाशी.
बंद कर, असं तिला कोणी म्हणत नाही.

रात्री मी लिहिते:
क्षेत्र, चार हेक्टर. इजा, नाही.
अदेलीनुचा प्रश्न:
बापाचा दंड परत कधी?
बाई म्हणाल्या, लिहा.
लिहिलं.