भरती

सोमवारी नऊला बांबोळी.
चिठ्ठीवर लिहिलंय: आधार कार्ड, जुने रिपोर्ट,
पुढून बटणं असलेला शर्ट, सोबत एक माणूस.
माणूस म्हणजे बाबा.
त्यांनी बार्जवर फोन करून सांगितलं,
पोराचं थोडं काम आहे.
मग चष्मा लावून तक्त्यात बघितलं आणि म्हणाले,
सोमवारी भरती दहा वीसला.
त्याचा इथे काय संबंध, मी विचारलं नाही.
चोडणात जन्मलेला माणूस
कुठलंही काम पाणी बघूनच काढतो.

आठवडाभर घर गडबडीत आहे,
लग्न असल्यासारखं, फक्त कुणाला बोलावलेलं नाही.
एक दाढ भरून घेतली, एक काढली.
थर्मामीटर आणला.
शंभर पॉइंट चार हा आकडा आईने
स्वयंपाकघराच्या दारावर खडूने लिहिलाय
आणि पुसू नका म्हणून बजावलंय,
जणू कुणी पुसणार होतं.
विहिरीचं पाणी उकळून. कोशिंबीर बंद.
पोदेराचा पाव पुन्हा तव्यावर.
घरात फुलं नकोत, असं नर्सने सांगितलं
तेव्हा आई पहिल्यांदा गप्प झाली.
आदल्या मंगळवारी ती कौल लावून आली होती.
उजवी पाकळी पडली होती.
ती आता ठेवायची कुठे?
शेवटी तिने पाकळी सिमकार्डाच्या रिकाम्या डबीत घातली,
चारी बाजूंनी सेलोटेप लावली,
म्हणाली, हे काही फूल नव्हे.

बुधवारी पणजीला, तिसऱ्या मजल्यावर.
औषधांनी पुढे मुलं होतील न होतील,
म्हणून आधीच साठवून ठेवायचं.
काउंटरवरच्या बाईने मान वर न करता विचारलं,
विवाहित?
मी वीस वर्षांचा. माझ्या पाठीला कॉलेजची बॅग.
बाबांनी माझा फोन धरला, घड्याळ धरलं,
का कोण जाणे, चपलासुद्धा धरायला निघाले होते.
खोलीत एक गळका नळ
आणि हसऱ्या बाळांचं कॅलेंडर, अजून मार्चवरच.
मी कॅलेंडर उलटं फिरवलं.
बाहेर आलो तेव्हा बाबा छताचा पंखा बघत होते.
वर्षाचे पैसे भरून पावतीची घडी
त्यांनी बार्जच्या लायसन्समागे सरकवली.
गाड्यावर रस-ऑमलेट खाल्लं. दोन प्लेट.
तिखट आहे, ते म्हणाले, आणि डोळे पुसले.
तिखट नव्हतं.

जर्नल गौरेशकडे दिलंय.
प्रयोग सात, कांद्याच्या मुळाचं टोक, पेशींचं विभाजन.
त्याच्या पेशी केळ्यांसारख्या दिसतात,
पण मिस्किता मॅडम सही करतील,
हजेरीचंही बघते म्हणाल्या
आणि खडूचा हात माझ्या डोक्यावर ठेवता ठेवता
मधेच खाली घेतला.
केसांचं त्यांना आठवलं असावं.

औषधांच्या यादीत तिसरं नाव वाचलं
आणि ओळखीचं कुणी भेटावं तसं झालं.
ते सदाफुलीतून काढतात. परीक्षेला होतं, दोन मार्कांना.
आमच्या विहिरीमागे ती कुणी न लावता उगवलीय,
शेळीही तिला तोंड लावत नाही.
काल संध्याकाळी तिच्यासमोर उभा राहिलो.
पेशी फुटायच्या वेळी ही मधे हात घालते.
चांगल्या कुठल्या, वाईट कुठल्या, विचारत नाही.
मी तिला काही सांगणार होतो,
पण पलीकडून शेजारची वैजयंती काकी
कपडे काढायला आली,
म्हणून उगाच एक वाळकं पान खुडलं.

आज सोमवार.
फेरीबोट अर्धी भरलेली, मासळीच्या टोपल्या, दोन स्कूटर.
मी पुढून बटणांचा शर्ट घातलाय, इस्त्रीचा.
आईने खिशात काहीतरी सरकवलं,
खडखडलं, मी बघितलं नाही.
रायबंदरचा धक्का जवळ येतोय.
पाणी चढतंय, खांबावरच्या शिंपल्या
एकेक करून आत जातायत.
ओळखीच्या एकाने बाबांना विचारलं,
खंय रे, सकाळीं सकाळीं?
बाबांनी माझ्या बॅगेचा पट्टा नीट केला.
हांगाच, ते म्हणाले,
हांगाच.