साधारण सात व्होल्ट

ओउलूत जानेवारीत उजाडतं ते जेवणाच्या सुट्टीपुरतं.
तेवढ्या उजेडात आउने कार्पिनेननं
फेल्टच्या तुकड्यावर तीन नग मांडले,
चिमट्यानं, बोट न लावता.
"निवड," म्हणाली, आणि कॉफी ओतायला गेली.

पहिला प्लास्टिकमधला. स्वस्त, शहाण्या चेहऱ्याचा.
पण जुलैत खाडीवरून दमट वारा आला
की याचं अंग फुगतं,
आणि आत चेंगरलेलं सिलिकॉन
हळूच दुसराच आकडा सांगायला लागतं.

दुसरा नवाकोरा, धातूची टोपी, पोटात स्वतःची शेगडी.
बाहेर उणे तीस असो, नाहीतर अधिक वीस,
याला आपली एकच ऊब ठाऊक.
माहितीपत्रकात दशांशचिन्हापुढे शून्यांची रांग,
किंमत माझ्या महिन्याच्या भाड्याएवढी.
मी त्यालाच हात घातला.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात.
इथे नऊ हजार तास धरा:
तोवर तो सरकत राहणार, कुणाला न सांगता.

तिसऱ्याचे पाय काळवंडलेले,
एकावर जुन्या कथलाचा थेंब तसाच.
कागद गिरणी बंद पडली, तेव्हा भंगारातल्या मीटरमधून
आउनेनं तो सोडवून आणलेला.
एकवीस वर्षं दिवसरात्र चालू होता.
माझ्यापेक्षा दोन हिवाळे जास्त पाहिलेला.

"पण हा सात व्होल्ट देतो?"
"छे. सहा पूर्णांक नऊशे एकतीस.
गिरणीच्या वहीत पहिल्या वर्षी काय आहे, बघ."
बघितलं. निळ्या शाईत,
सहा पूर्णांक नऊशे एकतीस.
"सातला तो कधीच नव्हता," ती म्हणाली,
"त्याचं काय ते आपण गणितात बघू.
रोज वेगळं खोटं बोलणाऱ्याचं गणित मात्र
मला येत नाही."

मला नदीच्या बर्फाचं तापमान हवं होतं,
वितळेपर्यंत, हजाराव्या अंशापर्यंत.
आम्ही पट्टीवर त्याच्याभोवती तीन बाजूंनी
बारीक करवतीनं खाच पाडली,
पट्टी वाकली तर तिचा ताण त्याच्यापर्यंत पोचू नये म्हणून.
पाय लांबच ठेवले. वर कापसाचं टोपडं.

मग नुसतं बसून राहायचं.
शेवटचा अंक: तीन. तीन. तीन.
रात्री अकराला एकदा चार.
आउनेनं उठून जिन्याचं दार नीट लावलं.
तीन.