अर्थिंग

पहिल्यांदा वाजवलं ते पाथर्डी फाट्याला,
एका सोसायटीच्या वर्धापनदिनी,
संगीत खुर्ची आणि बक्षीस समारंभ
यांच्या मधल्या वीस मिनिटांत.
निवेदक काकांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली:
आता ऐकूया, ऑर्केस्ट्रा तिसरी शिफ्ट.
जोएल कुजबुजला, ऑर्केस्ट्रा नाही, बँड.
काका माइकमध्येच म्हणाले, बरं, बँड.
लग्नाच्या ऑर्डरी घेता का?

राजसी स्टेजवर चपला घालून चढत नाही,
गाण्याच्या क्लासची जुनी सवय.
अनवाणी माइकला भिडली
आणि पहिल्याच शब्दाला ओठांना करंट लागला.
ती किंचाळली.
लोकांना वाटलं, सुरुवातच अशी असेल.
टाळ्या पडल्या.
वाल्मीकने चार मोजले आणि आम्ही सुटलो,
वाडग्याचं फाटक उघडल्यावर मेंढरं सुटतात तसे,
आणि गाणं संपता संपता
कसेबसे एका वाटेला लागलो.

अंबडला वाल्मीकच्या काकांचा गाळा आहे, पावडर कोटिंगचा.
तिथे दोनच शिफ्ट चालतात.
रात्री अकराला भट्टी गार व्हायला लागते,
तेव्हा तिसरी आमची.
वाल्मीक ढोल पथकातला. चालत वाजवायची सवय,
बसवला की गुडघे रस्ता शोधतात.
जोएल शरणपूरच्या चर्चमध्ये गिटार शिकला,
कितीही खरखरीत सुरू करू दे,
शेवट आमेनसारखाच करतो.
मी बेस वाजवतो.
म्हणजे काय, ते आईला अजून सांगता आलेलं नाही.
ती विचारते, बाकीच्यांना सहा तारा आणि तुलाच चार का?
कोण वाटतं त्या?

दुसऱ्यांदा, पॉलिटेक्निकचं गॅदरिंग.
पोरांनी फर्माईशींच्या चिठ्ठ्या पाठवल्या,
त्यातलं एकही गाणं आम्हाला येत नव्हतं.
आमची चार गाणी त्यांना येत नव्हती.
तेवढ्यात अंधारातून एक स्लिपर आली,
हवेत दोनदा उलटली
आणि राजसीच्या पुढ्यात नीट, सुलटी पडली.
साउंडवाले गांगुर्डे मामा मागून ओरडले,
घाल ताई, घाल! रबर आहे!
तिनं घातली.
दुसरा पाय उचलून धरला
आणि अख्खं गाणं
बगळ्यासारखी एका पायावर उभी राहून म्हणाली.
कुणी हसलं नाही असं नाही.
पण चिठ्ठ्या थांबल्या.

तिसऱ्यांदा मखमलाबाद रोडला, मिसळीच्या बागेत,
रविवारी सकाळी साडेआठला.
पावाच्या लाद्या उतरवत होते तिथेच ड्रम लावले.
मामांनी आधी अर्थिंगचा खड्डा शोधला,
आत बादलीभर मिठाचं पाणी ओतलं,
रोपाला घालावं तसं, जपून.
मालक आले, म्हणाले,
जरा हळू घ्या, तर्री हिंदकळते.
हळू म्हणजे आवाजानं की वेगानं,
विचारायचं राहिलं.
आम्ही दोन्ही केलं.

आणि तेव्हा ऐकू आलं:
जोएल कुठे श्वास घेतो,
वाल्मीकचा डावा हात किती हलका आहे,
पापड मोडतो तो झांजेच्या किती जवळ,
आणि या सगळ्याच्या खाली, जमिनीलगत,
मी.
दोन वर्षं वाजवत होतो,
स्वतःला पहिल्यांदा भेटलो.
शेजारच्या टेबलावरच्या टेम्पोवाल्यानं
मिशीवरची तर्री पुसत विचारलं,
ते जाड आवाजाचं कोण वाजवतंय?
मी हात वर केला,
वर्गात करतात तसा.
तो म्हणाला, बरं आहे,
आणि जादा पाव मागवला.

मिळाले पंधराशे आणि पाच मिसळी.
मामांच्या स्पीकरचं भाडं अठराशे.
केबल गुंडाळताना राजसीनं
बंद माइकला पुन्हा एकदा ओठ लावून पाहिले.
आज काहीच चावलं नाही, म्हणाली,
काहीतरी घरी विसरल्यासारखी.

स्लिपर आम्ही ड्रमच्या पेटीत ठेवली आहे.
डाव्या पायाची, निळा पट्टा, टाच झिजलेली.
ज्याची असेल त्यानं घेऊन जावी.
अंबड, पावडर कोटिंगचा गाळा,
रात्री अकरानंतर.
येताना दुसरी घेऊन ये, भाऊ.