त्याच गाण्याची पाचवी प्रत

अक्कलकोट रोड, एमआयडीसी, शेड नंबर नऊ.
पोर्तोहून नापास होऊन परत आलेल्या टॉवेलांच्या खोक्यात,
तळाशी, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये,
सात इंचांची काळी तबकडी.

पाठवणारा अडेलिनो, तिथल्या गोदामातला.
आम्ही एकमेकांना पाहिलेलं नाही.
मी त्याला चादर पाठवतो, मोराची, डबल बेडची,
तो मला पंक पाठवतो.
हिशेब अजून कुणी मांडलेला नाही.

हेच गाणं माझ्याकडे आधीच चार वेळा आहे.
इंग्लंडचं मूळ, पाकिटाची घडी उसवलेलं.
जर्मनीचं, इतकं स्वच्छ की
गाणाऱ्यांनी आंघोळ करून गायल्यासारखं वाटतं.
स्पेनचं, ज्यावर गाण्याचं नाव
त्यांनी आपल्या भाषेत करून घेतलंय
आणि शिवीच्या जागी तीन टिंबं दिलीत.
युगोस्लावियाचं.
तो देश आता नाही,
तबकडी फिरते.

दोन मिनिटं अकरा सेकंद.
तीन सूर. चौथा त्यांना येत नसावा.

अम्मा सुपातून मान वर न करता विचारते,
"गाणं एकच ना रे? मग पाच कशाला?"
आणि हजाराची मोजणी चुकेल म्हणून
उत्तराला थांबत नाही.
उत्तर असं आहे की
गाणं संपल्यावर सुई ज्या रिकाम्या पट्टीत घुटमळते,
तिथे कुणीतरी हातानं आकडा कोरलेला असतो,
तिरका, भिंगातून दिसणारा,
प्रत्येक देशात वेगळ्या माणसाचा.
हे तिला सांगायला
मला तेलुगू पुरत नाही, मराठीही.

आमच्या गल्लीत रात्री दहापर्यंत ऐंशी माग खडखडतात.
तिथे समोरचे बोद्दूल काका लुंगी सावरत आले,
"बारीक कर बे ते, झोप येईना."
मागाच्या आवाजात घोरणारा माणूस!

रविवारी माग बंद.
नायना माझ्या खोलीत आले, जे ते येत नाहीत.
एकतीस वर्षं जेकार्डवर;
डावा कान गेला, उजवा निघायच्या तयारीत.
ऐकू येणार नाही हे त्यांनाही ठाऊक,
म्हणून प्लेअरच्या लाकडावर तळवा टेकला
आणि डोळे मिटले,
तागा तपासताना मिटतात तसे.

जर्मनीवर म्हणाले, "ताण जास्त."
युगोस्लावियावर, "सैल. पण माणूस चांगला."
पोर्तुगालवर बराच वेळ काही नाही.
सुई रिकाम्या पट्टीत जाऊन टकटकू लागली
तरी हात तिथेच.
मग म्हणाले,
"घाईत केलंय. सुट्टीच्या आधीचं शेवटचं."

मी तबकडी उचलून उजेडात धरली.
लेबलवर निळ्या बॉलपेननं कुणाचं तरी नाव,
झुल्मिरा, आणि एक तारीख,
एकोणऐंशीतली.
त्या वर्षी नायना सोळाचे होते,
बॉबिनं भरत होते.
हे खरं की खोटं कसं ताडून पाहायचं?
मी पाहिलं नाही.

संध्याकाळी त्यांनी फळीवरून एक चादर काढली.
सेकंड म्हणून बाजूला टाकलेली, त्यांच्याच मागावरची.
मोराच्या मानेशी एक आडवा धागा सुटलाय,
बोट फिरवलं तरच कळतो.
"त्याला ही पाठव."
"नायना, ही खराब आहे."
"म्हणूनच की."

पार्सल जाऊन तीन आठवडे झाले.
अडेलिनोची पोच नाही.
बोद्दूल काका मात्र काल गेटपाशी थांबले,
इकडे तिकडे पाहिलं,
आणि हळूच म्हणाले,
"ते परवाचं…
त्याची मागची बाजू तू कधी लावतच नाहीस का बे?"