काहीही चालेल

बिबवेवाडीच्या त्या दोन खोल्यांत
मी आधी स्कूटर वाचायला शिकले, मग बाराखडी.
स्टँड हळू लागला तर ताटं घ्यायची.
खाडकन लागला
तर नंदूला घेऊन गॅलरीत.
आईची नुसती पाठ बघून ठरवायचं
आज हसवायचं, की दिसायचंच नाही.

"विभावरी फार समजूतदार हो तुमची,"
पाहुणे म्हणायचे, हातावर लिमलेटची गोळी ठेवायचे.
ती मी नंदूला द्यायची.
कुणी सांगितलं नव्हतं.

परवा, सत्तेचाळिसाव्या वर्षी,
सातारा रोडच्या कोल्ड्रिंक हाऊसमध्ये
वेटरने विचारलं, मस्तानी कुठली?
जिभेवर तयारच होतं : काहीही चालेल.
"काहीही संपलंय, ताई.
सीताफळ आहे, आंबा आहे, रोझ."

मी खरंच थांबले.
माळ्यावरच्या डब्यात हात घालून चाचपावं
तसं काहीतरी आत चाचपलं.
वेटर पेनाने वही बडवत होता.
सीताफळ, म्हणाले.
नंदूने आंबा घेतला. त्याला आंबाच आवडतो.
कुणी रागावलं नाही.

तेवढ्यात आईचा फोन.
"काही नाही गं, सहजच..."
हा सहजच मला तोंडपाठ आहे.
या सहजचपायी मी किती रिक्षा केल्यात.
"आई, मस्तानी खातेय. उद्या बोलू."
फोन उपडा ठेवला.
चमचा ग्लासवर वाजत राहिला, हात थांबेना.

बाहेर कुणीतरी गाडी स्टँडला लावली,
खाडकन.
मान वळलीच.
मग मीच ती परत आणली.
तळाशी अजून आइस्क्रीम होतं.