रकाना

संस्थेची जीप चोपड्यातच बंद पडली,
म्हणून पाहुणे एसटीनं आले, धुळीत न्हालेले,
एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्यात चार पानी फॉर्म.
लावलेली रोपे. जिवंत रोपे. मृत रोपे. टक्केवारी.
टक्केवारीवर पुढच्या वर्षाचे पैसे.

मे महिना.
खाली तापीच्या अंगाला केळीची हिरवी शहरं,
ठिबकच्या नळ्यांवर सलाईन लावल्यासारखी.
वर आमचं बरड, चाळीस हेक्टर मुरूम,
दर तीन मीटरवर दगडांची चंद्रकोर
आणि तिच्या कुशीत एक काटकी.

मी नोंदवही सांभाळतो.
झाडं मला आधी शाईतून भेटली, मग सालीवरून:
धावडा, सालई, मोईन, तिवस,
काकड, रोहन, चारोळी.
आणि अंजन, ज्याचं पान
दोन खुरांचं एक पाऊल.

आधीच्या योजनेत इथं उंदीरमारी लावली होती.
भराभर वाढली, फोटोत गोड आली.
तिच्यावर एक घरटं मी अजून पाहिलेलं नाही.

अंजन दरसाल बी धरत नाही.
सायबू तडवीचा बाप भिंतीवर कोळशानं रेघा ओढायचा:
चौथं साल, कधी पाचवं.
बी धरलं त्या वर्षी ठुमलीबाई बारेला
झाडाखाली जुनी लुगडी अंथरून बसली आठ दिवस,
कारण शेंगेला पंख असतो,
वारा म्हणेल तिकडे ती नांदायला जाते.

कुऱ्हाडबंदीची पहिली पावती
सायबूनं स्वतःच्या जावयावर फाडली. एकशे एक्कावन्न रुपये.
त्या ईदला मुलगी माहेरी आली नाही.
तो ठराव वहीत आहे, मुलीचं न येणं नाही.
मार्चमधल्या वणव्याचंही तसंच:
'आग विझवली, उपस्थिती एकवीस.'
ठुमलीबाईची भाजलेली टाच
कुठल्या मुद्द्याखाली लिहायची, मला सुचलं नव्हतं.

पाहुणे मोजत निघाले.
काटकीला टिचकी. मोडली की, मृत.
मृत. मृत. हा तिवस जिवंत. मृत.
दुपारपर्यंत पेनाची शाई
एकाच रकान्यात संपत आली.

सायबू मागून चालत होता, बिडी न पेटवता.
शेवटी म्हणाला,
"मरेल नही शे, भाऊ. खाले गयेल शे."

पाहुण्यांना अहिराणी कळली नाही, आणि
मला सांगता येईना.
ठुमलीबाईनं पहार घेतली,
एका मोडक्या अंजनाच्या बाजूला बसली
आणि खणू लागली, न बोलता,
मनगटभर, कोपरभर, मग खांद्यापर्यंत हात आत.
वर वीतभर वाळकी काडी,
खाली पांढरं, ओलसर मूळ,
आमच्या मापाच्या पुढे निघून गेलेलं,
खडकाच्या फटीत कुणाचा तरी पत्ता विचारत.

पाहुण्यांनी बाटलीचं झाकण काढलं,
थोडा वेळ तशीच धरून उभे राहिले
खड्ड्याकडे बघत,
मग पाणी पिऊन टाकलं.

ठुमलीबाईनं माती परत लोटली, पायानं दाबली.
"आता हे नाही जगायचं," ती मला म्हणाली,
"मूळ तुटलं माझ्या हातानं.
हे एक मेलेलं लिही."

लिहिलं.

बाकीच्या सहाशे चाळीसांसाठी
पेन्सिलीनं तिसरा रकाना आखला,
मथळा सायबूच्याच शब्दांत: खाले गयेल.
पुण्याच्या ऑफिसातून फोन आला,
संगणक दोनच रकाने घेतो,
तिसऱ्यातले आकडे कुठे टाकू?

मी म्हटलं, थांबा जरा.
पलीकडून विचारलं, किती?
मी भिंतीवरच्या रेघा मोजायला लागलो.