तीन इंच माया

आमची टेप तीनापासून सुरू होते.
पहिले तीन इंच निर्वाणनं चावून संपवले, दात येत होते तेव्हा.
पितळी पत्री दुसऱ्या दिवशी तुळशीपाशी सापडली.
तेव्हापासून मी मोजते, आणि तीन वजा करते.
इतकी सवय, की किराण्याच्या हिशोबातूनही
कधी कधी तीन रुपये कमी होतात.

मशीन आर्वीची, जुनी.
टेलरच्या पोराला मोबाईलचं दुकान टाकायचं होतं.
कांद्याच्या पोत्यांमध्ये उभी करून ऑटोतून आणली.
पायाचीच घेतली, कारण आमच्या गावात एप्रिलमध्ये लाईन
पाहुणीसारखी येते, टेकत नाही.

शिवायला कोणी शिकवलं नाही.
यांचा एक विटका शर्ट घेतला, ब्लेडनं उसवला,
टाका न् टाका,
आणि अंगणात मांडला:
पाठ, दोन पुढचे भाग, बाह्या, कॉलर.
म्हटलं, असा असतो होय माणूस.
सपाट.

मितूच्या पहिल्या फ्रॉकला एक बाही उलटी लागली.
ती तशीच अंगणवाडीत गेली
आणि सगळ्यांना सांगून आली, अशीच फॅशन आहे.

पोरांच्या कपड्याला माया जास्त सोडायची.
एवढं मात्र आईनं सांगितलं होतं, फोनवर,
रेंज जात-येत असताना:
"पोट्टं वाढते, कापड नाई वाढत."
शिवणीत दोन बोटं, खाली घडीत चार.
दर जूनला एक घडी उसवते.
आतून निघतं ते कोरं, जसं दुकानातून आणलं तसं,
वरचं ऊन-साबण खाऊन फिकं.
मितूच्या स्कर्टला अशा तीन पट्ट्या आहेत आता,
खाली खाली गडद होत गेलेल्या.
शाळेतल्या मुली विचारतात, बॉर्डर कुठून घेतली.

चौदा एप्रिलला पांढरं पाहिजे.
बाजारातून पाच मीटर पॉपलीन आणलं.
मितूचा कुर्ता झाला, निर्वाणचा सदरा झाला,
दोन मीटर उरलं.
ते माझं, असं मनात म्हटलं.
मोठ्यानं म्हणायला दोन दिवस लागले.

ब्लाउज शिवायचं तर जुनं ब्लाउज कापडावर टाकते,
भोवती खडू फिरवते. लग्नातलं माप, तेच चाललंय.
पण कुर्ता मी कधी घातलाच नव्हता.
आणि आपली पाठ आपल्याला मोजता येत नाही.

मितू पाटावर चढली.
दोन्ही हात माझ्याभोवती घातले, पुरले नाहीत,
मग टेपचं एक टोक दातात धरलं, भावासारखं.
"हात वर कर ना वो माय."
खांदा अठरा. छाती एकोणचाळीस.
गणिताच्या वहीत, शेवटच्या पानावर,
खाली दुहेरी रेघ.

रात्री कापला. कूलरमधलं पाणी संपलेलं,
नुसता खडखडाट.
सकाळी घातला, तर माझ्यासोबत
आणखी एक बाई मावली असती.
कुसुम ढोके कुंपणावरूनच हसली,
"काहून वो, कोणाचा घातला?"

मितू वही उघडून उभी.
ओठ हलताहेत. अठरातून तीन.
मग ब्लेड घेऊन आली,
"उसवू का?"

आमच्या आरशात एका वेळी एकच खांदा दिसतो.
तो दंडावर उतरला होता.
काखेतून वारा जात होता, एप्रिलचा, तरी वारा.
मी हात वर केला, खाली केला,
कुठं काही ओढलं नाही.
"राहू दे," म्हटलं.

"तू थोडीच वाढतेस आता," निर्वाण म्हणाला.
त्याला काय सांगू.

उरलेल्या तुकड्यातून एक खिसा कापला,
उजव्या बाजूला लावला,
मनगटापर्यंत हात जाईल असा.
त्याला टेप लावली नाही.